पुरानंतरचं अंथरूण

मागच्या वेळी आपण गावच्या विहिरींचा इतिहास ऐकला. आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या अंथरुणाबद्दल. गोधडी, सतरंजी, घोंगडी, जाजम आणि गालिचा. यात कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण महाड-पोलादपुरात राहणाऱ्या बाईला विचारा. पूर येऊन गेला की भांडी घासून पुन्हा मांडता येतात. अंथरुणाचं तसं नसतं. ते धुवायचं की टाकायचं, या एका प्रश्नात तिचे आठ-आठ दिवस जातात.

22 जुलै 2021. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबत नव्हता. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा सावित्रीच्या खोऱ्यात आणि पलीकडच्या कृष्णा-कोयनेत उतरला. महाड शहराचे तळमजले बुडाले. तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखापुढे अंथरुणाची गोष्ट काढायची नसते, हे आम्हाला कळतं. पण ज्यांची माणसं वाचली, त्यांना त्या रात्री कशावर तरी निजायचं होतं. लेकराला कशात तरी गुंडाळायचं होतं. पाणी उतरल्यावर महाडच्या रस्त्यांवर जे ढीग लागले, त्यात दुकानातला माल होता, फ्रीज होते, वह्या-पुस्तकं होती आणि सगळ्यात जास्त होती चिखलाने जड झालेली अंथरुणं.

त्या ढिगात काय गेलं आणि त्यातलं काय वाचवता आलं असतं, याचा हा इतिहास.

नदी जुनी, पूर जुना

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्यांना पोटात घेते आणि दासगाव, आंबेतवरून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाड हे जुनं बंदर. भरतीच्या पाण्यावर होड्या आत यायच्या, मोठी गलबतं दासगावला थांबायची. मीठ, कापड, धान्य याच वाटेने यायचं आणि वरंध घाटाने भोरकडे जायचं. ज्या भरतीने गावाला बाजारपेठ दिली, तीच भरती पावसात उलटते. वरून डोंगराचं पाणी, खालून खाडीचं पाणी, मध्ये महाड. म्हणून पूर आपल्या पाचवीलाच पुजलेला.

जुन्या घरांची बांधणी हे जाणून होती. जोतं उंच, वर माळा, माजघरात घडवंची. रोजची अंथरुणं सकाळी घडी करून घडवंचीवर चढायची आणि पावसाळ्यात वापरात नसलेली सगळी माळ्यावर जायची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर दिवसभर काही पसरून ठेवायची रीत नव्हती. पाहुणे आले की सतरंजी उतरायची, ते गेले की परत वर. पाणी आलं तर जमीन खराब व्हायची, ती पुन्हा सारवायची. अंथरूण मात्र वर असायचं.

जुलै 1989 मध्ये आपल्याच जिल्ह्यात जांभूळपाड्याला अंबा नदीने रात्रीत घात केला. 25 आणि 26 जुलै 2005 ला महाड बुडालं आणि जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी वस्त्या गिळल्या. मग 2021. पाणी इतक्या वेगाने आणि इतकं उंच चढलं की घडवंचीही पुरली नाही. पण एवढंच कारण नव्हतं. मधल्या पन्नास वर्षांत आपलं अंथरूणही बदललं होतं.

जमिनीवर काय पसरलं होतं

सगळ्यात जुनी आपली गोधडी. फाटलेली लुगडी, धोतरं, जुनी पातळं थरावर थर रचून धावदोऱ्याने शिवलेली. एका गोधडीला फुरसतीचे पंधरा-वीस दिवस सहज लागतात. ती विकत मिळत नव्हती, तिची पावती नव्हती, म्हणून तिची किंमत कुणी लावली नाही. पण तिच्यात एक मोठं शहाणपण होतं. ती उसवता येते. ज्या दोऱ्याने जोडली तो दोरा काढला की थर मोकळे होतात. प्रत्येक थर म्हणजे एक पातळ सुती कापड. ते धुता येतं, उकळता येतं आणि भर पावसातही घरात दांडीवर वाळतं.

दुसरी घोंगडी. ती देशावरून यायची. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. वरच्या धनगरवाड्यांत ती पांघरूणही होती, अंथरूणही होतं आणि पावसातलं छत्रही.

तिसरी सतरंजी. सुताची, घट्ट, दोन्ही बाजूंनी सारखी. पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून सतरंज्या आणि गालिचे विणून घेत, आणि तुरुंगाची सतरंजी म्हणजे टिकाऊ अशी ख्याती होती. जाजम मात्र घरचं नसे, गावचं असे. भजनाला, लग्नाला, गावकीच्या बैठकीला ते पसरायचं आणि देवळात किंवा समाजमंदिरात घडी करून ठेवायचं.

मग आली मुंबई. आपल्या तालुक्यांतली माणसं गिरण्यांत गेली. चाकरमानी गणपतीला येताना चादर आणायचा, गिरणीतल्या कापडाचे तुकडे आणायचा. त्या तुकड्यांच्या गोधड्या झाल्या. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. गिरणीचं कापड घरी येणं आटलं. त्याच सुमाराला आपल्या भागातली, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतली मुलं आखाती देशांत कामाला जाऊ लागली. तिकडून मऊ ब्लँकेटं आली, गालिचे आले. घराला फरशी बसली आणि गालिचा बारा महिने जमिनीवर राहू लागला. खाली फोमची गादी आली, लाकडी सोफा आला. घडवंची अडगळीत गेली.

हे वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. थंड फरशीवर म्हातारीच्या पायाखाली गालिचा असावा, कुणालाही वाटेल. पण फरक लक्षात घ्या. गोधडी उघडते. यंत्रावरचा गालिचा उघडत नाही. वर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे, खाली डिंकाने चिकटवलेलं तागाचं अस्तर. वरून स्वच्छ दिसला तरी अस्तरात चिखल बसतो आणि डिंक सडतो. फोमची गादी तर पाणी पिऊन घेते आणि आतलं काही बाहेर देत नाही.

कशाने धुतलं आणि कुणाच्या पाण्यात

आपल्या आज्यांकडे धुण्याची तीन साधनं होती. राख, रिठा आणि परिटाची भट्टी. राखेत क्षार असतो, तो सुती कपड्यातला तेलकटपणा काढतो, पण लोकर खातो. म्हणून लोकरीला राख नाही, रिठा. रिठ्याचा फेस सौम्य. परिटाच्या भट्टीत पापडखार किंवा सज्जीखार घालून कपडे वाफेवर तासन्‌तास शिजवत. जंतू हा शब्द गावात येण्याच्या कितीतरी आधी परीट-परटीण ते मारत होते. पुढे वडीचा साबण आला, धुण्याचा सोडा आला, 1969 नंतर निरमाची पिवळी पावडर आली आणि भट्ट्या विझल्या.

पण साधनांच्या आधी पाणी लागतं. आणि पाण्याची गोष्ट महाडमध्ये सांगायची तर चवदार तळ्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं असल्याचं ठरवलं, तरी प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू देत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह तिथे पाणी घेतलं. खटला चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हक्क मान्य केला. त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे 1927 च्या डिसेंबरात, महाडच्या परिषदेला आलेल्या बायांशी बाबासाहेब वेगळे बोलले. स्वच्छ राहा, नीटनेटकं लुगडं नेसा, असं त्यांनी सांगितलं. ज्या बायांना पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवलं जात होतं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं. धुणं ही सवयीची गोष्ट आहे, पण त्याआधी ती हक्काच्या पाण्याची गोष्ट आहे.

पूर आला की हा प्रश्न नव्याने उभा राहतो. दाराशी पाणीच पाणी, आणि धुवायला पाणी नाही. 2021 मध्ये वीज गेलेली, नळ बंद, विहिरींत गढूळ पाणी. टँकर आला तर पहिला हंडा पिण्याला. अंथरूण चिखलात पडून राहिलं. आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते.

पाणी बदललं

जुन्या बाया पुराचा गाळ शेतात आला तर वाईट मानत नसत. कपड्यावरचा गाळ वाहत्या ओढ्यात खळबळून निघायचा. आजचं पुराचं पाणी तसं नाही. त्यात संडासाच्या टाक्या मिसळतात, गटारं मिसळतात, मेलेली जनावरं, पंपावरचं डिझेल, गॅरेजचं तेल, शेतीची औषधं मिसळतात. आपल्या शेजारी रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, हेही डोक्यात ठेवायला हवं. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो तो याच पाण्यातून, पायावरच्या एखाद्या चिरेतून.

म्हणून आजीची रीत चुकीची नव्हती, ती तिच्या वेळच्या पाण्यासाठी होती. आजच्या पाण्यासाठी तिच्यात दोन पायऱ्या वाढवाव्या लागतात. आधी स्वतःला जपणं, आणि शेवटी जंतू मारणं.

ही गोष्ट आम्ही चुकून शिकलो. 2021 च्या पुरानंतर आमच्यातल्या काहीजणींनी गोधड्या न उसवता तशाच धुतल्या. वरून कोरड्या लागल्या म्हणून घडी करून ठेवल्या. गणपती त्या वर्षी 10 सप्टेंबरला होते. पाहुणे येणार म्हणून घडी उघडली तर आत काळे ठिपके आणि नाकाला झोंबणारा वास. त्यातल्या एका गोधडीत आईच्या लुगड्याचा काठ होता. ती जाळावी लागली. उसवली असती तर निदान काठ राहिला असता.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. वहीत उतरवून घ्या.

पहिलं, हात लावायच्या आधी फोटो काढा. ढीग नको, एकेक वस्तू. मग पायात गमबूट, हातात रबरी मोजे. जखम असेल तर झाकून घ्या, नाहीतर दुसरीला काम द्या. चिखलात काम केल्यावर आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर पुरात काम केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

दुसरं, वाटणी करा. फोमची गादी, सावरीच्या कापसाच्या उशा, ज्यात सांडपाणी शिरलं ती कापसाची गादी, आणि ज्याचं अस्तर सुटलं तो गालिचा टाकायचा. मन घट्ट करून टाकायचा. गादीची सुती खोळ मात्र काढून घ्या, ती उकळता येते. ज्याला औषधासारखा, तेजाबासारखा विचित्र वास आहे किंवा भलताच रंग चढला आहे, ते कितीही आवडतं असलं तरी वाचवत बसू नका.

तिसरं, गोधडी उसवा. थर वेगळे करून गार पाण्यात चिखल निघेपर्यंत खळबळा, मग साबण, मग सुती थर उकळत्या पाण्यात. रंग जाणारे थर वेगळे ठेवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासलं की रंग जातो का ते कळतं. ब्लीचिंग पावडर फक्त पांढऱ्या सुतीला, पाण्यात विरघळवून, गाळून. लोकरीला आणि रेशमाला ती खाते. आणि ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू छातीत भरतो.

चौथं, घोंगडीला गरम पाणी नाही, धोपटणं नाही, पिळणं नाही. लोकर आक्रसून नमदा होते. गार पाणी, रिठा, हाताने दाबून पाणी काढायचं आणि बाजेवर आडवी पसरायची. खळ निघून जाईल, घोंगडी मऊ पडेल, पण उबेला कमी होणार नाही. मात्र गार पाण्याने जंतू मरत नाहीत. म्हणून घोंगडी पूर्ण वाळल्यावर कडक उन्हं येईपर्यंत वेगळी ठेवा, ऊन दाखवा, मगच अंगावर घ्या. आणि तिच्यात सांडपाणी मुरलं असेल तर ती सोडून द्या.

पाचवं, सतरंजी आणि धडधाकट अस्तराचा गालिचा उतारावर किंवा गच्चीवर पसरा. पाइपने किंवा तांब्याने वरून खाली पाणी सोडत राहा आणि फरशी पुसायच्या वायपरने चिखल खाली ढकला. निवळ पाणी येऊ लागलं की साबण, मग पुन्हा पाणी. मग उलटा करून तसंच. ओला गालिचा फार जड असतो, एकटीने उचलू नका आणि एका टोकाला टांगू नका, तो स्वतःच्या वजनाने फाटतो. दोन वाशांवर मधोमध टाका. यंत्रावरच्या गालिच्याला चुलीची धग दाखवू नका, धागा वितळतो. आणि डिझेलचा वास येत असलेलं काहीही चुलीजवळ नेऊ नका.

सहावं, जुलैत ऊन नाही. मग दांडी, पंखा, हवा. तळहात दाबून थंड लागलं तर आत ओल आहे. अशी घडी ठेवायची नाही.

मोजलं कुणी?

4 नोव्हेंबर 1966 ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर आला. घरं उबदार ठेवायला साठवलेलं तेल पाण्यात मिसळलं आणि चित्रं, ग्रंथ, जुनी वस्त्रं तेलकट चिखलाने माखली. देशोदेशीची तरुण मुलंमुली ती उचलायला धावली. लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटलं. चिखलातून वस्तू कशी सोडवायची, याचं शास्त्र त्या पुरानंतर पुष्कळ पुढे गेलं. संग्रहालयातल्या वस्तूची यादी असते, म्हणून तिचं काय गेलं हे कळतं.

आपल्या अंथरुणाची यादी नसते. पुराच्या मदतीचे जे केंद्राचे निकष 2021 मध्ये चालू होते, त्यात घर दोन दिवसांहून जास्त बुडालं तर कपड्यांसाठी कुटुंबामागे 1,800 रुपये आणि भांडी-सामानासाठी 2,000 रुपये होते. राज्याने त्या वर्षी मुदतीची अट सैल केली आणि कुटुंबाला 10,000 रुपयांचं सानुग्रह दिलं. पुढे केंद्राचे आकडे 2,500 आणि 2,500 झाले. पैसे मिळाले ते उपयोगी पडले, ते आम्ही नाकारत नाही. पण पंचनाम्याच्या कागदावर गोधडी कुठे लिहायची? कपड्यांत की सामानात? आमच्या अनुभवात बहुतेक वेळा ती कुठेच लिहिली जात नाही, कारण आपणच सांगत नाही. टीव्ही सांगतो, गॅस सांगतो. सहा गोधड्या, दोन सतरंज्या, एक घोंगडी असं कुणी सांगत नाही.

मदतीत ब्लँकेटं येतात. उत्तरेतल्या पानिपत शहरात जगभरातले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. संकटात वाटली जाणारी ब्लँकेटं पुष्कळदा अशीच असतात. म्हणजे जुन्यातून नवं करायची आपल्या आजीचीच युक्ती. फरक इतकाच की तिथे त्याला कारखाना म्हणतात, आणि घरी बाई करते तेव्हा रिकामा वेळ म्हणतात.

म्हणून आमचं सगळ्या गटांना एक सांगणं आहे. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, गटाच्या एका बैठकीत अंथरुणांची नोंद करा. प्रत्येक घरात काय आहे, कशाचं आहे, कुणी शिवलं, किती दिवस लागले. फोटो काढून दोघींच्या मोबाइलवर ठेवा, त्यातली एक उंचावरच्या वाडीतली असू द्या. जूनच्या पहिल्या पावसाला गालिचे गुंडाळून माळ्यावर चढवा. आणि समाजमंदिराचं, विहाराचं, मशिदीचं, देवळाचं जाजम, सतरंजी, गालिचा कोण वर नेणार, त्या बाईचं किंवा भाऊचं नाव आधीच ठरवून ठेवा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं. पण ते अंथरूण कुणी शिवलं, कुणी धुतलं आणि पुरात गेलं तेव्हा कुणी पुन्हा उभं केलं, ते कधी कुणी लिहिलं नाही. ते आता आपल्या वहीत लिहू या. पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.